रुग्णाचा नंबर आणि रुग्णाची अब्रू

"माणसाला नाव असताना नंबर कशाला, डॉक्टर? आमचे वडील काय तुरुंगात आहेत?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला तीन-चार वेळा तरी ऐकावा लागला. विचारणारे निरनिराळे असले तरी निमित्त एकच. शहरातील एखाद्या रुग्णालयात नव्या औषधाचा अभ्यास, म्हणजे ज्याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात तो, चालू असतो. घरातील कोणी त्यात भाग घेण्यास संमती दिलेली असते. सही होते, तपासण्या होतात आणि हातात एक छोटे कार्ड पडते. त्यावर अभ्यासाचे नाव, डॉक्टरांचा फोन आणि एक लांबलचक क्रमांक. रुग्णाच्या रक्ताच्या बाटलीवर तोच क्रमांक, संगणकावरही तोच. नाव मात्र यातल्या कुठेच नाही. मग घरचे बिथरतात. नाव लपवताहेत म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार, अशी शंका डोकावते आणि ती घेऊन मंडळी माझ्याकडे येतात.

शंका रास्त आहे, पण ती उलट्या बाजूने आलेली आहे. नाव लपवले जाते ते रुग्णापासून नव्हे, रुग्णासाठी. काळजी करायचीच असेल तर ती हा नंबर कसा बनवला आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे याची करावी. आजचा लेख त्याच विषयावर आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला तो शहरातल्या माणसापेक्षा जास्त लागू पडतो. का, ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास सांगतो. १९४७ साली इंग्लंडमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाचा अभ्यास झाला आणि १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये तो प्रसिद्ध झाला. औषध थोडे होते आणि रुग्ण पुष्कळ. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नुसती बिछान्यात विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले तर काय होईल? डॉक्टरही माणूसच. तरणाबांड, बरा होईल असा रुग्ण तो औषधाच्या गटात ढकलणार आणि मग औषध आहे त्याहून गुणकारी दिसणार. एकाआड एक असे वाटप केले तरी पुढचा नंबर कोणता हे आधीच कळते, आणि मन त्याप्रमाणे वागते. म्हणून ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने चिठ्ठ्या बंद पाकिटांत घातल्या. पाकिटावर फक्त रुग्णालयाचे नाव आणि एक क्रमांक. रुग्ण अभ्यासात घेतला गेल्यावरच पाकीट फोडायचे. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण सहा महिन्यांत दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. हा फरक जगाने मान्य केला, त्यामागे त्या मुक्या पाकिटांचा मोठा हात आहे. आपल्याकडेही १९५६ साली मद्रासला क्षयरोग्यांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला. त्यात सॅनिटोरियममधले उपचार आणि घरचे उपचार यांची तुलना झाली. आज क्षयरोगी घरी राहून गोळ्या घेतो आणि बरा होतो, त्याचे श्रेय बरेचसे त्या अभ्यासाला आहे. अभ्यासाला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता पाकिटाच्या जागी संगणक आला. रुग्णालयातील परिचारिका किंवा समन्वयक रुग्णाची माहिती पडद्यावर भरते आणि ती पुण्या-मुंबईलाच काय, साता समुद्रापार औषध कंपनीच्या कार्यालयात दिसते. त्या माहितीबरोबर नाव गेले तर काय काय जाईल, याचा विचार करा. मधुमेह, रक्तदाब यांचे एक वेळ ठीक आहे. पण एचआयव्ही, गुप्तरोग, मनोविकार, वंध्यत्व, फेफरे? आमच्याकडे मुलीला लहानपणी दोनदा फिट आली होती ही गोष्ट स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या कानी गेली, तर चहा निवण्याआधी बैठक उठते. हिंदू विवाह कायद्यातसुद्धा वारंवार येणारे फेफरे हा लग्नाच्या आड येणारा दोष मानला होता, तो शब्द १९९९ साली काढला गेला. कायद्यातून गेला, पण बैठकीतून जायला अजून किती वर्षे लागतील कोण जाणे.

म्हणून जगभरच्या नियमांत असे ठरले आहे की, अभ्यासातील प्रत्येक रुग्णाला एक स्वतंत्र सांकेतिक क्रमांक द्यायचा. रुग्णालयाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर, नमुन्यावर आणि अहवालावर नावाऐवजी तोच लिहायचा. कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी फक्त अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांकडे कुलुपात राहील. हे नियम १९९६ साली एकत्र लिहिले गेले आणि पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. मूळ कल्पना तीच राहिली.

गंमत अशी की, गुप्ततेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नुसत्या ओळखीसाठीही नाव हे फारसे भरवशाचे साधन नाही, निदान आपल्याकडे तरी नाही. माझ्या दवाखान्यात 'पाटील' असा पुकारा केला तर अर्धा बाक उठून उभा राहतो. त्यात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेले चुलतभाऊही आहेत. आजोबांचे नाव दोघांनीही ठेवले आणि त्यांचे वडीलही एकाच नावाने हाक मारले जायचे! बायकांचे तर विचारूच नका. लग्नात आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि काही घरांत अजूनही तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलतात. पहिले बाळंतपण माहेरी. तिथल्या कागदांवर ती माहेरच्यांच्या तोंडी असलेल्या नावाने नोंदली जाते, सासरच्या कागदांवर वेगळ्या नावाने. एकाच बाईच्या दोन फायली, आणि एकीत लिहिलेली पेनिसिलिनची ॲलर्जी दुसरीत नाही. हा नुसता कारकुनी घोळ नाही. यात जीव जाऊ शकतो.

आणि नवजात बाळाचे काय? बारसे बाराव्या दिवशी. त्याआधी बाळाला नावच नसते, आणि नवजात बाळांचे मृत्यू बहुतांशी याच दिवसांत होतात. १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा जो अभ्यास केला, त्यात ३९ गावांतील नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. अशा अभ्यासात प्रत्येक बाळ मोजावे लागते, नाव न ठेवता गेलेलेही. आईच्या क्रमांकाला जोडलेला बाळाचा क्रमांक नसेल तर ते बाळ हिशोबातूनच निसटते आणि मृत्यू कमी झालेले दिसतात. जुळी असतील तर घोटाळा दुप्पट.

तेव्हा नंबर हवाच. आता तो कसा असावा, याकडे वळू. इथेच माझी खरी तक्रार आहे.

हल्ली लहान शहरांतील रुग्णालयेही अभ्यासांत भाग घेऊ लागली आहेत. पदव्युत्तर शिक्षण घेणारे तरुण डॉक्टर प्रबंधासाठी रुग्णांची माहिती गोळा करतात. ही चांगली गोष्ट आहे. आपल्या भागातील रुग्णांवर अभ्यास झाला नाही तर आपल्या भागातील औषधयोजना आपल्याला कळणार तरी कशी? पण संगणकात रुग्णाचा संकेतांक ठरवण्याचे काम 'कोणीतरी करून टाका' अशा भावनेने केले जाते. मी स्वतः पाहिलेला एक नमुना सांगतो. ठिकाण सांगत नाही. रुग्णाच्या नावाची तीन आद्याक्षरे, मग जन्मतारीख, मग गावाचे पहिले अक्षर आणि शेवटी रोगाचे लघुरूप. करणाऱ्याला वाटले, किती सोपे, बघताक्षणी रुग्ण आठवतो! अहो, बघताक्षणी आठवतो म्हणूनच तो संकेतांक नव्हे. दोन हजार वस्तीच्या गावात अमुक आद्याक्षरांची, अमुक दिवशी जन्मलेली व्यक्ती एकच असते. पोस्टमनसुद्धा सांगेल, आणि बरोबर रोगही वाचेल.

मुंबईत चाळीस वर्षांची 'स' अक्षराची बाई म्हटले तर ती गर्दीत हरवते. आपल्या गावात ती आपली शेजारीण असते. लहान गावाला हा विषय जास्त लागू पडतो, असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

हे नुसते माझे भय नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी नोकरांच्या आजारपणाची माहिती नावे काढून संशोधकांना दिली होती. नावे नाहीत, तेव्हा कोणाला काही कळणार नाही, असे खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी सांगितले. लताना स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी तेव्हा तिथे संगणकशास्त्र शिकत होती. तिने २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली. राज्यपालांची जन्मतारीख असलेले त्या यादीत सहाजण निघाले, त्यांतील पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. बाईंनी १९९७ साली राज्यपालांच्या आजाराचे कागद शोधून दाखवले. तिथे नाव पुसले होते, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवले होते. आपल्याकडे मतदार याद्या निवडणुकीच्या वेळी गल्लोगल्ली कार्यकर्त्यांच्या हातात असतात. नाव, वय, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, घर क्रमांक, सगळे त्यात आहे. आमच्याकडे ती जोडणी करायला संगणकशास्त्र शिकलेली विद्यार्थिनीही लागणार नाही.

मग चांगला संकेतांक कोणता? ज्याला स्वतःचा काही अर्थच नाही, तो. रीत अशी असते की पहिले दोन-तीन आकडे रुग्णालयाचे, म्हणजे अभ्यास जिथे जिथे चालू आहे त्या केंद्राचे. त्यापुढे अनुक्रमांक. तोही संगणकाने द्यावा, माणसाने नव्हे, म्हणजे एक नंबर दोघांना जात नाही. रुग्ण प्राथमिक तपासणीला आला की लगेच नंबर मिळावा. तपासणीत तो अभ्यासासाठी अपात्र ठरला, तरी त्याचा नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. काही ठिकाणी 'रिकामा झालेला' नंबर पुढच्याला देतात, जशी एस.टी.त खिडकीची जागा रिकामी झाली की पुढचा बसतो. असे केले की पहिल्याच्या रक्ताचा अहवाल आठवड्याने येतो आणि दुसऱ्याच्या फायलीत जाऊन बसतो. नंबर एकदा दिला की तो त्या माणसाचा. अभ्यास अर्ध्यावर सोडला तरी त्याचाच.

आद्याक्षरे नकोत. जन्मतारीख पूर्ण नको. वय लागते, तेवढे लिहा. मोबाइलचा नंबर संकेतांक म्हणून वापरणे तर वेडेपणा आहे. आधारचा क्रमांक नको, आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा जो चौदा अंकी 'आभा' क्रमांक हल्ली लोकांनी काढला आहे, तोही नको. 'आभा'चे काम वेगळे आहे. तुमचे निरनिराळ्या दवाखान्यांतील कागद एकत्र जोडणे, हे त्याचे काम. अभ्यासाच्या संकेतांकाचे काम नेमके उलट, तुम्हाला बाकी कागदांपासून तोडून ठेवणे. दोन्ही कामांना एकच नंबर वापरायचा म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली कुलपालाच टांगून ठेवण्यासारखे.

अर्थ नसलेल्या नंबराला एक तोटा आहे. तो चुकला तर लक्षात येत नाही. 'रमेश'च्या जागी 'रमश' लिहिले तर डोळ्याला खटकते. ३५२ च्या जागी ५३२ लिहिले तर कोणाला खटकणार? यावर एक जुनी युक्ती आहे, ती म्हणजे शेवटी एक पडताळणीचा अंक जोडायचा. उदाहरणादाखल ३५२ घ्या. पहिल्या अंकाला ४ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला २ ने गुणा. बारा, पंधरा आणि चार, बेरीज एकतीस. अकराने नि:शेष भाग जाण्यासाठी तेहेतीस हवेत, म्हणजे आणखी दोन. हा दोन शेवटी जोडला की नंबर झाला ३५२२. आता घाईत कोणी ५३२२ टाइप केले तर वीस, नऊ, चार आणि दोन मिळून पस्तीस. अकराने भाग जात नाही आणि संगणक तिथेच हटकतो. (बाकी अशी आली की जोडायचा अंक दहा व्हावा, तर तो नंबर वापरायचाच नाही.) जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर दहा अंकी क्रमांक असे, त्यातही हीच अकराची युक्ती होती. आधारच्या बारा आकड्यांतील शेवटचा आकडाही असाच पडताळणीचा आहे. त्याची रीत व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची. त्याने आकडे लिहिताना माणसे कशी चुकतात याचाच अभ्यास केला, तेव्हा बहुतेक चुका एकच अंक बदलण्याच्या आणि त्याखालोखाल शेजारचे दोन अंक उलटसुलट होण्याच्या निघाल्या.

आपल्याकडे त्यात भर आहे. मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस मागून, पण लिहिताना दोन आधी. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन सुचवले म्हणून केवढा गदारोळ झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. मी त्या वादात पडत नाही. मला स्वतःला पंचवीसच बरे वाटते. पण फोनवर नंबर सांगताना जोडसंख्या सांगू नये, एकेक अंक सुटा सांगावा, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणेन. लिहिण्यातही मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा. नमुन्याच्या बाटलीवर एकाने मराठीत आणि दुसऱ्याने इंग्रजीत लिहिले की झाला घोळ. एका अभ्यासात एकच लिपी, हा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावला पाहिजे.

पडताळणीचा अंक नंबर चुकीचा लिहिलेला पकडतो. पण बरोबर नंबर चुकीच्या माणसाला चिकटवला, तर तो बिचारा काय करणार? त्यासाठी रुग्णासमोर बसलेल्या माणसानेच नाव विचारून, कार्ड पाहून खात्री करायची. आत, रुग्णाच्या खाटेपाशी, नाव आणि नंबर दोन्ही. दाराबाहेर फक्त नंबर. परिचारिकेने 'सतरा नंबर, आत या' असा पुकारा करू नये. 'सखुबाई, आत या' असेच म्हणावे. रुग्णांना कैद्यासारखे वाटते ते नंबर दिल्यामुळे नव्हे, नावाने हाक मारणे बंद झाल्यामुळे.

हा सगळा कारभार घरच्यांना माहीत नसला की काय होते, त्याचा एक प्रसंग सांगतो. पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास मला एका घरी बोलावणे आले. साठी उलटलेले गृहस्थ, घामाने डबडबलेले, बोलणे असंबद्ध. साखर तपासली तर ५२. गृहस्थ शुद्धीत होते, गिळू शकत होते, तेव्हा साखरपाणी पाजले. थोड्या वेळाने माणूस ताळ्यावर आला. मधुमेहाचे रुग्ण, पण माझ्याकडचे उपचार त्यांनी बंद केले होते. कोणते औषध चालू आहे, विचारले तर सगळे गप्प. शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींनी देवघराच्या मागून एक कार्ड काढले. "कोणाला दाखवू नका, गुप्त आहे, असं सांगितलंय," त्या म्हणाल्या. शहरात एका अभ्यासात ते गोळ्या घेत होते. कार्डावरच्या फोनवर मुलाने संपर्क केला आणि नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे त्याने 'एकोणसत्तर' असे सांगितले. पलीकडच्या निवासी डॉक्टरांनी ऐकले एकोणसाठ. त्यांच्या पडद्यावर नावे नव्हतीच, ती यादी मुख्य डॉक्टरांच्या कपाटात. पण वय जुळेना, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले. मी फोन घेतला आणि सहा, नऊ असे सुटे सांगितले, तेव्हा गाडी रुळावर आली. मग चौकशीत उलगडा झाला. अभ्यासाच्या गोळ्यांबरोबर घरात उरलेली जुनी ग्लिमेपिराइडची गोळीही ते घेत होते. 'टाकायची कशाला' म्हणून! शहरातल्या डॉक्टरांना हे माहीत नव्हते.

नावाची गुप्तता आणि कार्डाची गुप्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड देवघरामागे ठेवण्यासाठी नसते. ते पाकिटात असावे, घरातील एकाला तरी त्याची जागा ठाऊक असावी आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर ते आधी दाखवावे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून अभ्यास लपवू नका. आम्ही ओरडू, अशी भीती अनेकांना वाटते. काहीजण ओरडतीलही, पण तरीही दाखवा.

पुष्कळांना वाटते की हा नंबर कळला की औषध खरे की खोटे, म्हणजे असली गोळी की दिसायला तशीच निर्गुण गोळी, तेही कळेल. तसे नाही. गोळ्यांच्या डबीचा क्रमांक वेगळा असतो आणि तो चिठ्ठी टाकल्यासारखा संगणक ठरवतो. रुग्णाच्या नंबरावरून औषध ओळखता येऊ नये, अशीच रचना असली पाहिजे. मात्र जिवावर बेतले आणि आत काय आहे हे कळल्याशिवाय उपचार करता येत नसतील, तर ते गुपित फोडण्याची सोय प्रत्येक अभ्यासात ठेवलेली असते. त्यासाठी पुन्हा कार्डावरचा नंबर आणि फोनच लागतो. वरच्या प्रसंगात ती वेळ आली नाही, कारण साखर उतरली की साखर द्यायची, गोळी कोणतीही असो.

आता किल्लीविषयी. नंबर आणि नाव यांची यादी हीच किल्ली. ती रुग्णालयातच राहिली पाहिजे. औषध कंपनीकडे, संगणक प्रणाली चालवणाऱ्यांकडे ती जाता कामा नये. अर्थात गुप्तता म्हणजे पोलादी तिजोरी नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नैतिकता समिती, सरकारी औषध नियंत्रकांचे अधिकारी आणि कंपनीचे तपासनीस रुग्णालयात येऊन मूळ कागद पाहू शकतात. तसे संमतीपत्रात लिहिलेलेही असते, फक्त ते पान आपण वाचत नाही. त्यांनी पाहायचे आणि तिथेच ठेवायचे, घेऊन जायचे नाही.

आणि किल्ली त्याच संगणकात, त्याच फाइलमध्ये, शेजारच्या रकान्यात ठेवणारेही पाहिले आहेत. डावीकडे संकेतांक, उजवीकडे नाव आणि मोबाइल! वर ती फाइल सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर. एकदा त्या गटावर गेलेला कागद कोणत्या भाचीच्या, कोणत्या मेव्हण्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचेल याचा नेम नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथले काम कागदावर करावे लागले. तिथे ही गत, तर आमच्याकडे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला असतो, तिथे काय बोलावे. यादी कागदावर, वेगळ्या कपाटात, एका माणसाच्या ताब्यात, आणि त्याच्या गैरहजेरीत कोण हे ठरलेले, एवढे केले तरी निम्मे काम होते. याला पैसा लागत नाही.

अभ्यासात भाग घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण सही करण्याआधी चार गोष्टी विचारा, आणि विचारताना ओशाळू नका. माझे नाव कोणत्या कागदांवर राहील आणि कोणत्या कागदांवर राहणार नाही? नंबर कशावरून बनवला? यादी कोणाजवळ आहे? रात्री-बेरात्री फोन केला तर तो कोण उचलेल? आपल्या देशात औषध चाचण्यांसाठी २०१९ साली नवे नियम आले. त्यांनुसार माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. अभ्यासात गंभीर अपाय झाला तर डॉक्टरांनी तो २४ तासांच्या आत वर कळवावा लागतो, तोही याच सांकेतिक क्रमांकाने. शिवाय अशा चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती नोंदवही २००७ पासून आहे, २००९ च्या जूनपासून नोंद सक्तीची झाली आणि कोणालाही ती संगणकावर पाहता येते. घरातील शिकलेल्या मुलाला ती पाहायला सांगा. तिथे अभ्यास सापडेल, रुग्णालय सापडेल, रुग्णाचे नाव सापडणार नाही.

अभ्यास संपल्यावर कार्डाचे काय करायचे, असेही काहींनी विचारले आहे. फेकू नका. संमतीपत्राच्या प्रतीबरोबर जुन्या केसपेपरांच्या पिशवीत ठेवा आणि त्यावर अभ्यास सुरू झाल्याची व संपल्याची तारीख लिहा. पुढे कधी त्या औषधाविषयी काही नवे कळले आणि रुग्णालयाला तुम्हाला शोधायचे झाले, किंवा तुम्हाला त्यांना काही विचारायचे झाले, तर ते डॉक्टर बदलून गेलेले असतील आणि तिथे तुम्हाला चेहऱ्याने ओळखणारे कोणी नसेल. त्या वेळी हा नंबर सांगितला की त्यांच्या कपाटातली तुमची फाइल सापडते.